बास मासेमारीसाठी किफायतशीर रीळ : पैसा कोठे घालावा, कोठे वाचवावा?

व्यापाराच्या पानावर मासे धरण्याच्या रिळाची चर्चा पाहून काही वाचकांच्या कपाळाला आठ्या पडतील. परंतु हे रीळ म्हणजे मुठीत मावणारे एक यंत्र आहे. त्यात दातेरी चक्रे आहेत, बेअरिंगे आहेत, ब्रेक आहे. आणि अमेरिकेच्या बाजारात त्याची किंमत थोड्या डॉलरांपासून सुरू होऊन हजार डॉलरच्या पलीकडे जाते. काउंटरवर शेजारी शेजारी ठेवली तर तीस डॉलरचे आणि तीनशे डॉलरचे रीळ नवख्या माणसाला जवळजवळ सारखेच दिसते. जेथे माल दिसायला सारखा आणि भावात दसपट अंतर, तेथे ग्राहक फसायला वेळ लागत नाही. मुंबई-कोकणातील आपल्या कित्येक घरांची मुले आज अमेरिकेत आहेत. त्यांच्यापैकी काहींना तिकडच्या तळ्यांवर गळ टाकण्याचा नाद लागतो, आणि सुट्टीत येताना त्यांच्या सामानातून एखादे रीळ इकडेही येते. तेव्हा कोणत्या रिळात पैसा सत्कारणी लागतो आणि कोणत्या रिळात तो नुसता चकाकीत जातो, हे नीट पाहू या.

प्रथम माशाविषयी थोडे. अमेरिकेत गोड्या पाण्यातला ‘बास’ म्हटले की बहुधा लार्जमाउथ बास समजावा. नावाप्रमाणे तोंड मोठे, अंग हिरवट, कुशीवर काळसर पट्टा. तळी, धरणे, संथ नद्या येथे तो राहतो. पाणगवत, बुडालेली झाडे, धक्क्याचे खांब यांच्या आडोशाला दबा धरून बसतो आणि लहान मासे, बेडूक, झिंग्यासारखे प्राणी यांवर झडप घालतो. १९३२ साली जॉर्जिया राज्यात जॉर्ज पेरी यांनी २२ पौंड ४ औंसांचा, म्हणजे दहा किलोंहून थोडा अधिक वजनाचा बास धरला. तो विक्रम २००९ साली जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी गाठला. वजन किंचित जास्त भरले, पण नियमाला लागणारा फरक नसल्याने दोघांची बरोबरी मानली गेली. या गोष्टी ऐकायला छान आहेत, परंतु सामान्य माणसाच्या गळाला लागणारा बास अर्ध्या ते दीड किलोचा असतो. रीळ घ्यायचे ते या माशासाठी, विक्रमासाठी नव्हे. दुकानदार नेमका विक्रमाचा धाक घालून मोठे रीळ गळ्यात मारतो, म्हणून हे आधी सांगितले.

बाससाठी दोन जातींची रिळे वापरतात. एक काठीच्या वर बसते, त्याची फिरकी फेकीबरोबर स्वतः गरगर फिरते. जड आमिषासाठी आणि दाट गवतातून मासा ओढून काढण्यासाठी ते उत्तम. पण अंगठ्याचा दाब चुकला की फिरकी दोऱ्यापेक्षा जोरात धावते आणि दोऱ्याचे घरटे होते. दुसरी जात स्पिनिंग रिळाची. हे काठीच्या खाली लटकते आणि त्याची फिरकी फेकताना जागची हलत नाही. पाच-सात ग्रॅमचे हलके आमिषही ते दूर टाकते. रबरी किड्यासारखे मऊ आमिष हळूहळू बुडवत नेण्याची जी नाजूक पद्धत आहे, तिला हेच रीळ लागते. नवख्याने येथूनच सुरुवात करावी.

फिरकी स्थिर आणि दोरा मात्र सुटतो, हे कसे, असा प्रश्न इतरांना पडेल. मालेगाव-भिवंडीच्या माग चालवणाऱ्या वाचकांना पडणार नाही. धोट्यातली कांडी कोठे फिरते? ती जागीच असते आणि बाण्याचे सूत तिच्या टोकावरून सळसळत सुटत जाते. स्पिनिंग रिळाचे तत्त्व नेमके हेच. आणि हा योगायोग नव्हे. इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड हे लोकरी कापडाचे शहर. तेथील कापड कारखानदार आल्फ्रेड इलिंगवर्थ यांनी १९०५ मध्ये अशा रिळाचे पेटंट घेतले. गिरणीत रोज डोळ्यांसमोर असलेली गोष्ट त्यांनी तळ्याच्या काठावर नेली. (‘स्पिनिंग’ या नावाचा मात्र सूतकताईशी संबंध नाही. पाण्यात गिरक्या घेणारे आमिष ओढण्याच्या जुन्या इंग्रजी पद्धतीवरून ते पडले.) पुढे फ्रान्समध्ये घड्याळांच्या कारागिरीसाठी प्रसिद्ध असलेल्या क्लूझ गावातील कार्पानो आणि पॉन्स या कारखान्याने ‘मिचेल’ नावाचे रीळ काढले आणि ते अमेरिकेत अतोनात खपले. जपानची शिमानो कंपनी १९२१ मध्ये साकाई शहरात सायकलची फ्रीव्हील बनवण्यापासून सुरू झाली. रिळांकडे ती १९७० मध्ये वळली. विणकर, घड्याळजी आणि सायकलवाला अशा तीन कारागिरांच्या हातांतून हे यंत्र आले आहे. म्हणूनच आम्ही म्हणतो की आपला कारागीर जाहिरात न वाचता नुसत्या हाताने याची पारख करू शकतो.

आता मुद्द्याकडे येऊ. खोक्यावर सर्वांत मोठ्या अक्षरांत काय छापलेले असते? बेअरिंगांची संख्या. ‘१०+१’, ‘१२+१’, ‘१३+१’. ग्राहक समजतो, जितकी बेअरिंगे अधिक तितके रीळ भारी. स्वस्त रिळांचा सगळा धंदा या गैरसमजावर चालतो. बेअरिंग खरोखर हवे कोठे? मोठ्या चक्राच्या दोन्ही बाजूंना, लहान चक्राला म्हणजे पिनियनला, आणि दोरा जिच्यावरून वळतो त्या रोलरला. या तीन-चार जागी ते चांगल्या पोलादाचे आणि नीट बसलेले असेल तर रीळ वर्षानुवर्षे लोण्यासारखे फिरते. ‘+१’ म्हणजे मागे फिरणे थांबवणारा क्लच. त्याचीही गरज असते. बाकीची पाच-सहा बेअरिंगे कोठे घातलेली असतात? मुठीच्या गोट्यात, फिरकीखाली आणि जेथे साधे बुश पुरले असते अशा जागी. हलक्या प्रतीची बेअरिंगे घाऊक भावाने फार स्वस्त पडतात. तेरा घालूनही कारखानदाराच्या खर्चात फारसा फरक पडत नाही, परंतु खोक्यावरचा आकडा वाढतो. ती गंजली की घरघर सुरू होते, आणि मग तेरा बेअरिंगांचे रीळ चार बेअरिंगांच्या रिळापुढे लाजते. नामांकित कंपन्यांची कित्येक परवडणारी रिळे तीन ते सहा बेअरिंगांवर उत्तम चालतात. ग्राहकाला आकडा मोजू देऊ नका, जागा मोजायला शिकवा.

दुसरा फसवा आकडा ड्रॅगचा. हा शब्द नवीन असेल तर एवढे समजावे की ड्रॅग म्हणजे घसरणारा ब्रेक. मासा जोरात पळाला की फिरकी थोडी घसरते आणि दोरा सोडते, त्यामुळे दोरा तुटत नाही. फिरकीच्या माथ्यावर एक गोल चावी असते. ती पिळली की आतल्या वॉशरांवर दाब वाढतो. खोक्यावर ‘जास्तीत जास्त ड्रॅग १० किलो’ असे लिहिलेले असते आणि ग्राहक खूश होतो. आता हिशोब करा. स्पिनिंग रिळावर बाससाठी साधारण ८ पौंडी तंगूस लावतात, म्हणजे सुमारे साडेतीन किलोंच्या ओढीला तो तुटणार. ड्रॅग लावायचा दोऱ्याच्या ताकदीच्या चौथाई ते तिसऱ्या हिश्श्यावर, म्हणजे किलो-सव्वा किलोवर. दहा किलो ड्रॅग येथे लागणार कोठे? तो लावायला जाल तर मासा पळण्याआधीच दोरा तुटेल.

ड्रॅगमध्ये पाहायचे ते बळ नव्हे, सुरुवात. वाईट ड्रॅग आधी चिकटून बसतो आणि मग एकदम सुटतो. त्या पहिल्या झटक्यातच दोरा तुटतो किंवा गरी माशाच्या ओठातून निसटते. बासची खोड अशी की तो होडीजवळ येईपर्यंत गप्प असतो आणि अगदी हाताशी आल्यावर एकाएकी खाली मुसंडी मारतो किंवा पाण्याबाहेर उसळी घेतो. त्या वेळी दोरा आखूड सुटलेला असतो, ताणून झटका पचवायला त्यात वाव नसतो. सगळा भार ड्रॅगवर येतो. त्यातून आजकाल बरेच जण विणलेला दोरा वापरतात, तो तर ताणतच नाही. म्हणून ड्रॅगच्या वॉशरांची जात विचारावी. तेल लावलेला नमदा स्वस्तात मिळतो आणि हलक्या माशाला तो वाईट नाही, फक्त वेळोवेळी ओलावा द्यावा लागतो. कार्बन धाग्यांचे वॉशर उष्णता अधिक सोसतात आणि जास्त दिवस एकसारखे घसरतात. किफायतशीर रिळात हे मिळाले तर तेथे दहा डॉलर अधिक द्यायला हरकत नाही.

तिसरी जागा रोलरची. नखाएवढा हा भाग ग्राहक पाहतही नाही. काठीवरून आलेला दोरा येथे काटकोनात वळून फिरकीवर जातो. रोलर फिरला नाही तर दोरा त्याच्यावर घासतो, खरवडतो आणि पिळतो. विणलेला दोरा तर हलक्या धातूत खाच पाडतो. पिळलेल्या दोऱ्याचे पुढे काय होते ते शिवणकाम करणाऱ्यांना सांगायला नको. कित्येक चांगल्या रिळांची बदनामी या एका अडकलेल्या रोलरने होते, आणि दोन थेंब तेलाने तो पुन्हा फिरू लागतो.

सांगाड्याबद्दल थोडक्यात. स्वस्त रीळ बहुधा ‘ग्रॅफाइट’चे असते. हा शब्द ऐकून कोणी पेन्सिलीची आठवण काढू नये. ते तंतू मिसळून कडक केलेले प्लॅस्टिक आहे. हलके असते, गंजत नाही, परंतु ओढीखाली किंचित वाकते. सांगाडा वाकला की आतल्या चक्रांचे दात एकमेकांवर नीट बसत नाहीत आणि लवकर झिजतात. अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा हा दोष टाळतो, पण वजन आणि भाव दोन्ही वाढवतो. दीड किलोच्या बाससाठी चांगल्या कंपनीचे ग्रॅफाइट पुरेसे आहे. मुख्य चक्र जस्ताच्या ओतीव मिश्रधातूचे आणि पिनियन पितळेचे असणे या भावात सर्वसाधारण आहे. त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. फिरकी मात्र धातूची असावी. प्लॅस्टिकच्या फिरकीच्या काठाला टवका गेला की दर फेकीला दोरा तेथे अडतो.

आकाराबाबत फार गोंधळ असतो. बाससाठी २५०० नंबरचे रीळ मधले आणि योग्य. काही कंपन्या त्यालाच ३० म्हणतात. एका कंपनीचा २५०० दुसरीच्या ३००० एवढा असू शकतो, आणि पुष्कळदा एकाच कंपनीच्या २५०० आणि ३००० मध्ये सांगाडा एकच, फिरकीची खोली तेवढी वेगळी. म्हणून नंबर सोडून दोन गोष्टी पाहाव्यात : वजन पाव किलोच्या आसपास असावे, आणि ८ पौंडी तंगूस सव्वाशे मीटरच्या आसपास मावावा. गिअरच्या प्रमाणाचेही असेच. ‘६.२ : १’ म्हणजे मूठ एकदा फिरवली की रोटर सव्वासहा फेरे घेतो, पण खरा उपयोगाचा आकडा एका फेऱ्यात दोरा किती येतो हा. या आकाराच्या रिळात तो सुमारे ७० ते ९० सेंटिमीटर असतो, आणि हळू ओढायच्या आमिषाला त्यातला कोणताही चालतो. विक्रेता वेगाबद्दल फार बोलू लागला तर ऐकून घ्यावे आणि ड्रॅगची चावी हातात घ्यावी.

भावाचे ढोबळ तीन थर सांगता येतात. तीस डॉलरच्या आसपास शिमानोचे सिएना यासारखी रिळे मिळतात. बेअरिंगे थोडी, दिसायला साधी, पण नावाची लाज राखणारी. साठ ते ऐंशी डॉलरच्या थरात फ्लूगरचे प्रेसिडेंट, शिमानोचे सेडोना, डायवाचे रीगल अशी नावे अमेरिकन गळवाल्यांच्या तोंडी नेहमी ऐकू येतात. शंभराच्या जवळ गेले की शिमानो नास्कीसारखी रिळे येतात, ज्यांत पाण्यापासून थोडा अधिक बचाव असतो. भाव दुकानागणिक आणि हंगामागणिक हलतात. नवे रूप बाजारात आले की जुने सवलतीत निघते आणि बहुधा तेच खरे किफायतशीर असते. आमच्या मते वर्षातून पाच-दहा वेळा तळ्यावर जाणाऱ्याला पहिला थर पुरे, दर आठवड्याला जाणाऱ्याने मधला घ्यावा. शंभराच्या वर मिळतो तो मुख्यतः हलकेपणा आणि मऊपणा. मासा त्याने अधिक लागत नाही. उलट पंधरा डॉलरचे तेरा बेअरिंगवाले अनोळखी रीळ फुकटही महाग. त्याचा एक स्प्रिंग तुटला की सुटा भाग जगात कोठे मिळत नाही. नामांकित कंपन्या आपल्या रिळांचे सुट्या भागांचे नकाशे प्रसिद्ध करतात, ही बाब खरेदीच्या वेळी कोणी विचारात घेत नाही.

काउंटरवर पारख कशी करावी? मूठ अगदी हळू फिरवा. जोरात फिरवले की प्रत्येक रीळ छान वाटते. हळू फिरवताना दात टोचत असतील तर हाताला कळते. मग मूठ मागे दाबा : ती जागच्या जागी थांबली पाहिजे, मागे हिसका घेता कामा नये. मूठ बाजूला हलवून ढिलाई पाहा. चक्रात आट्यांनी बसणारी मूठ घट्ट असते, आरपार सळईवर स्क्रूने आवळलेली मूठ थोडी खडखडते. दोरा सोडणारी कमानीसारखी तारेची कडी दहा-वीस वेळा उघडून मिटवा. शेवटी फिरकीला हातभर दोरा बांधून कडी मिटवा, दोरा रोलरवरून घ्या, ड्रॅग अर्धा आवळा आणि हळूच ओढा. फिरकी न थरथरता सुटली पाहिजे आणि रोलर फिरला पाहिजे. फिरकीच्या काठावरून बोट फिरवायला विसरू नका. या सगळ्याला तीन मिनिटे लागतात. जो दुकानदार ही तीन मिनिटे देत नाही, त्याच्याकडून घेऊ नये. घरपोच मागवणाऱ्याने परत करण्याची मुदत आधी वाचावी आणि हीच पारख दोरा भरण्यापूर्वी घरी करावी. परदेशातून नातेवाइकाकडून मागवलेल्या रिळाची हमी बहुधा त्याच देशात चालते, हेही ध्यानात असावे.

पुष्कळ तक्रारी रिळाच्या नसून दोरा भरण्याच्या असतात. फिरकी काठापर्यंत तुडुंब भरली की दोऱ्याची वेटोळी एकदम उसळतात आणि गाठी पडतात. फार कमी भरली तर फेक आखूड पडते. काठापासून दोन-तीन मिलिमीटर खाली थांबावे. विणलेला दोरा गुळगुळीत फिरकीवर सरळ बांधला तर सगळा गोळा फिरकीवरच घसरत राहतो आणि माणूस समजतो ड्रॅग बिघडला; आधी थोडा नायलॉन तंगूस गुंडाळावा. फेक झाल्यावर कडी मुठीच्या फेऱ्याने नव्हे, हाताने मिटवावी. एवढ्याने दोऱ्याचे पीळ निम्मे कमी होतात, असे जुने गळवाले सांगतात.

यात आपल्या कारागिरांसाठी एक कामही दडलेले आहे. घड्याळ, शिवणयंत्र किंवा फॅन दुरुस्त करणाऱ्याला हे रीळ उघडणे कठीण नाही. चक्रांना ग्रीस, बेअरिंग आणि रोलरला हलके तेल, आणि मागे फिरणे थांबवणाऱ्या क्लचला ग्रीस मुळीच नाही. तेथे ग्रीस गेले की क्लच घसरू लागतो आणि मूठ उलटी फिरते. स्प्रिंग उडून जातात, म्हणून रुमाल अंथरून उघडावे आणि भाग काढल्या क्रमाने मांडावेत. नमदा असलेल्या ड्रॅगमध्ये पेट्रोल किंवा रॉकेल जाऊ देऊ नये. मुंबईत आणि कोकण किनाऱ्यावर हौसेने गळ टाकणारे लोक आहेत, त्यांची घरघरणारी रिळे माळ्यावर पडलेली असतात, आणि ती उघडायला तयार असा हात त्यांना सहज सापडत नाही.

येथे एका नावाचा घोळ दूर करणे भाग आहे. अमेरिकेचा बास आपल्या धरणांत नाही. आपल्याकडे खाडीतल्या जिताड्याला इंग्रजीत ‘सी बास’ म्हणतात, आणि त्यामुळे ‘बासचे रीळ’ म्हणून तिकडून आलेले नाजूक यंत्र कोणी अलिबाग-पेणच्या खाडीवर घेऊन जातो. जिताडा ही वेगळी जात, वेगळे वजन आणि मुख्य म्हणजे वेगळे पाणी. तो बासपेक्षा पुष्कळ मोठा होतो, त्याला ३००० ते ४००० नंबरचे रीळ आणि जाड दोरा लागतो. गोड्या पाण्यासाठी केलेल्या स्वस्त रिळात खारे पाणी शिरले आणि ते तसेच पिशवीत राहिले तर थोड्याच दिवसांत बेअरिंग धरते. न्यायचेच असेल तर परतल्यावर ड्रॅगची चावी घट्ट करून वरून गोड्या पाण्याची हलकी धार सोडावी; जोराचा फवारा मारू नये आणि बादलीत बुडवून ठेवू नये, त्याने मीठ आणखी आत जाते. मग पुसून, चावी पुन्हा सैल करून सावलीत वाळवावे आणि रोलरला एक थेंब तेल द्यावे. चावी आवळलेली ठेवली तर वॉशर दबून राहतात आणि पुढच्या खेपेस ड्रॅग चिकटतो. रीळ विकणाऱ्या दुकानदाराने गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न भावाचा विचारू नये. पाणी गोडे की खारे, हे विचारावे आणि मग कपाटाला हात घालावा.